धुतलेली खडी

तिचं खरं नाव फक्त सरकारी कागदांवर होतं. बाकी सगळे तिला निवळी म्हणायचे. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून टाकलं की गाळ तळाला बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. तशी ही बाई. क्लबातल्या पोहण्याच्या टाकीवर ती कामाला लागली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने हे नाव पाडलं. ते असं चिकटलं की पुढे तिचा सख्खा थोरला भाऊही लहानपणापासूनची हाक विसरून तिला निवळीच म्हणायला लागला.

आता कोणी म्हणेल, टाकी साफ करायची, त्यात काय एवढं? ज्याला असं वाटतं त्याने एकदा करून बघावं. पाणी म्हणजे तान्ह्या पोरासारखं. काल हसत होतं म्हणून आज हसेल असं नाही. ऊन कडक पडलं की औषध उडून जातं, सुट्टीच्या दिवशी पोरं डुंबून गेली की पाणी दुधाळ होतं, आणि जरा हयगय झाली की भिंतीवर बुळबुळ धरते. लोकांना वाटतं, टाकीला उग्र वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झालं. साफ उलट आहे. लोकांचा घाम आणि नको नको ते पाण्यात मिसळतं, त्याचा अमोनिया होतो, आणि क्लोरीन त्याला पुरं पडेनासं झालं की तो वास सुटतो. अशा वेळी भल्या पहाटे एकदाच घसघशीत डोस मारायचा. जिवंत म्हणून पाण्यात काही ठेवायचं नाही. दुपारपर्यंत पाणी काच. हा डोस किती, कुठून आणि कशा हाताने टाकायचा, ते निवळीला कुणी शिकवलं नव्हतं. त्या घराण्यात हातातलं कसब जन्मजातच. थोरला भाऊ नळकामात तसा; त्याने बसवलेला नळ आजवर कुठे ठिबकलेला नाही, आणि ठिबकला असेल तर वापरणाऱ्याची चूक.

तर अशी ती वीस-एक वर्षं पाण्यात होती. नवऱ्याने दुसरीकडे दुसरा संसार थाटला तेव्हाही ती दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर हजर होती. मग एक दिवस पंपाच्या खोलीत एका नव्या कामगाराने ज्या बादलीत क्लोरीनची भुकटी उरली होती त्याच बादलीत अ‍ॅसिड ओतलं. पिवळट धूर उठला. निवळीने त्या माणसाला दंडाला धरून बाहेर ढकललं आणि स्वतः मात्र बादली उचलायला परत आत गेली. का गेली? कारण बादली टाकीच्या पाइपाजवळ होती, पाणी बिघडलं असतं. असला स्वभाव.

जीव वाचला, पण छाती गेली. जिना चढला की दम, जोरात हसलं की खोकला. डॉक्टर म्हणाला, "क्लोरीनच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. दुसरं काहीतरी काम बघा."

"दुसरं काहीतरी म्हणजे काय, तेही त्या चिठ्ठीवर लिहून द्या," निवळी म्हणाली.

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या.

क्लबचा मॅनेजर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "उन्हाळ्याचा सीझन सुरू होईपर्यंत तुझी जागा राखून ठेवतो. मास्क लावून ये. नाही आलीस तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." निवळीने पंपाच्या खोलीच्या किल्ल्या परत केल्या नाहीत. मॅनेजरने मागितल्याही नाहीत. किल्ल्या उशाशी ठेवून ती भावाच्या घरी मागच्या खोलीत पडून राहायची आणि छताकडे बघायची. वहिनी म्हणायची, "अगं, जरा दुकानात चल, बाजारात चल." पण थोरल्याच्या नळाच्या दुकानात गल्ल्यावर बसवली तर दोन दिवसांत गिऱ्हाईक कंटाळलं. ती फक्त गिऱ्हाईकाच्या घरचं पाणी कसं आहे ते विचारायची.

त्या मागच्या खोलीच्या खिडकीतून टाकी दिसायची. हे घर थोरल्याने घेतलं तेव्हाच टाकी तिथे होती. आधीच्या मालकाला कधी तरी पैशाचा माज आला असेल, त्याने मागच्या अंगणात फरशा लावून पोहण्याची टाकी बांधली. मग माज उतरला. टाकीत पावसाचं पाणी साचलं, त्यात पानं कुजली, उथळ बाजूला कमरेएवढा लव्हाळा उभा राहिला, आणि एका फटीतून झाड इतकं जोमात वर आलं होतं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुंडीच मोठी आहे. थोरल्याचा बेत ठरलेला होता. टाकी राबिट, म्हणजे पाडकामाचा चुरा, टाकून बुजवायची, वर दोन खोल्या चढवायच्या, भाड्याने द्यायच्या. राबिटाचा ट्रकवालाही सांगून ठेवला होता.

एक दिवस जेवताना निवळी म्हणाली, "दादा, टाकी बुजवू नकोस."

"का? बेडकांची सोय बघायची आहे?"

"मासे पाळते त्यात. आणि माशांच्या पाण्यावर भाजी."

वहिनीने भाकरी मोडता मोडता विचारलं, "मासे पाण्यावर, भाजी माशांवर. आणि आम्ही कशावर?"

निवळीने मोबाइल पुढे केला. त्यात एक बाई दाखवत होती. माशांची घाण पाण्यात जाते, तिचा अमोनिया होतो. ते पाणी पंपाने खडी भरलेल्या वाफ्यांत चढवायचं. खडीत बारीक जंतू राहतात, ते अमोनियाचं खत करतात. खत झाडं खातात, आणि चांगलं झालेलं पाणी परत खाली माशांकडे. माती नाही, खत विकत आणणं नाही.

"आणि क्लोरीन?" थोरल्याने विचारलं.

"एक थेंब नाही. थेंब पडला की मासे खलास."

थोरला जेवायचा थांबला. बहिणीच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. तो म्हणाला, "ट्रकवाल्याला नको सांगतो. पण एक लक्षात ठेव, सीझनच्या आत याचं काहीतरी दिसलं पाहिजे. नाहीतर तू त्या किल्ल्या घेऊन परत तिकडे जाशील, मी ओळखतो तुला. आणि मग मी तुला खांदा द्यायला बसलेलो नाही."

तो असाच बोलतो. पण खरं तेच होतं. टाकी जमली तर निवळी पाण्यात राहणार होती आणि श्वासही घेणार होती. नाही जमली तर मास्क लावून क्लबात.

टाकी उपसायला दोघांना आणि दोन मजुरांना आठवडा पुरला नाही. झाडाचं मूळ फरशीखाली असं पसरलेलं की करवत चालवताना थोरला म्हणाला, "माझ्या सासरकडच्यांसारखं आहे, कुठून कुठे पोचलंय कळत नाही." वहिनी वरच्या गच्चीत कपडे वाळत घालत होती. त्या दिवशी थोरल्याला चहा मिळाला नाही. मग फटी बुजवल्या, टाकीत दोनदा पाणी भरून काढून टाकलं. उथळ बाजूवर लाकडी फळ्या टाकून निळी पिंपं उभी चिरून आडवी मांडली, त्यांत खडी भरली; हेच वाफे. आणि पाइपाचं काम थोरल्याने केलं. त्याबद्दल काय सांगावं? एक पंप, आणि पाणी असं फिरतं की प्रत्येक पिंपात सारखं चढतं, सारखं उतरतं, कुठे तुंबत नाही, कुठे अडत नाही. इंजिनियर आणला असता तर त्याने आधी नकाशा काढला असता आणि मग थोरल्यालाच बोलावलं असतं.

नळाचं पाणी भरून निवळीने ते उन्हात ठेवलं, वर क्लोरीन घालवायचे खडे टाकले. ते तिला डोळे मिटून जमत होतं. शहराबाहेर माशांची पिल्लं विकणारा एक माणूस होता, त्याला सगळे पिल्लंवाला म्हणायचे. त्याच्याकडून तिने थोडी तिलापियाची पिल्लं आणली. थोडीच, कारण खडीत जंतू बसायला वेळ लागतो. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर छान, हिरवं झालं तर अमोनिया. सुरुवातीला हिरवं, मग कमी हिरवं, आणि महिन्याभराने एका सकाळी पिवळं. वाफ्यांत लावलेली पालकाची रोपं हाताएवढी झाली. टोमॅटोला फुलं धरली. मग तिने आणखी पिल्लं आणली, भरपूर.

इकडे थोरल्याने काय केलं, तर गल्लीभर सांगितलं. मासे-भाजीच्या असल्या शेतीला म्हणतात तो 'अ‍ॅक्वापॉनिक्स' हा शब्द त्याने आरशासमोर घोटून घोटून पाठ केला होता, आणि आता तो न्हाव्याकडे, बँकेत, गिऱ्हाईकाच्या मोरीत वाकलेला असतानाही तो शब्द काढायचा. समोरचे पेन्शनर काका म्हणाले, "अहो, तुमची बहीण पोहण्याची टाकी घासायची ना?" थोरल्याला ते लागलं. तो म्हणाला, "येत्या रविवारी या. सगळेच या. आणि मग सांगा, घासायची की काय करायची."

निवळीला हे वहिनीकडून कळलं. ती वाफ्यापाशी उभी होती. खाली बघितलं तर पाणी चहाच्या रंगाकडे झुकलेलं. खडी हातात घेतली तर तपकिरी, बुळबुळीत. गेले काही दिवस ती हे बघत होती आणि दातांखाली खडा आल्यासारखं तिला होत होतं. वीस वर्षांत तिच्या टाकीवर बुळबुळ कुणी पाहिली नव्हती. आणि आता रविवारी अख्खी गल्ली येणार आणि ही बुळबुळ बघणार.

जंतू खडीत असतात, हे तिला माहीत होतं. पण ते खडीच्या आत असतील, पोटात, असं तिने धरलं होतं. वरचा चिकटा म्हणजे मळ. भांड्याला लागलेलं खरकटं काढलं म्हणून भांडं जात नाही. ज्या बाईने जन्मभर चिकटा हा शत्रू मानला, तिला दुसरं काय वाटणार?

शनिवारी तिने रोपं हळूच उचलून बादलीत ठेवली, पिंपातली सगळी खडी अंगणात काढली आणि नळाची नळी सोडून ब्रशाने घासली. थोरल्याने पाण्याचा जोर वाढवून दिला. वहिनीने शेवटची पाटी धुतली. खडी अशी झाली की दागिन्यांच्या दुकानात ठेवावी. मग निवळीने टाकीच्या तळाचा गाळ ओढून घेतला, क्लोरीन उडावं म्हणून गच्चीवरच्या टाकीत साठवून ठेवलेलं पाणी थोडं भरलं, आणि रोपं परत लावली.

रविवारी लोक आले आणि बघतच राहिले. नितळ पाणी, खाली माशांचे थवे, वर हिरवागार पालक. गल्लीतल्या शिंपीणबाईंनी मोबाइलवर फोटो काढले. पेन्शनर काका काठावर वाकून म्हणाले, "तळाची फरशी मोजता येते हो." थोरला हात मागे बांधून उभा होता. "मोजा," तो म्हणाला. "सावकाश मोजा. घाई नाही." निवळीने त्या दिवशी माशांना मूठभर खाणं जास्त टाकलं, पोरांना मासे वर आलेले दिसावेत म्हणून.

बुधवारी सकाळी मासे आपणहून वर आले होते. खाणं टाकलेलं नसताना. पाण्याच्या वरच्या थराशी तोंडं उघडून उभे. काही कडेला आडवे झालेले. निवळीने एक उचलून कल्ले बघितले. लालभडक, भाजल्यासारखे. तिने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग गडद हिरवा झाला, बाटलीच्या काचेसारखा.

थोरला दात घासत बाहेर आला आणि ब्रश तोंडातच राहिला. "काय झालं?"

"अमोनिया."

"मग डोस मार. तू तर यात..." आणि त्याचं लक्ष माशांकडे गेलं.

तोच डोस तिच्याही हातात आला होता. म्हणजे हात उठलाच होता, खांद्यापासून, सवयीने. वीस वर्षं अमोनिया दिसला की तिच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर इथे टाकलं तर संध्याकाळपर्यंत पाणी काच झालं असतं आणि त्यात एकही मासा राहिला नसता. ती काठावर बसली. खोकला आला, तो थांबेपर्यंत बसून राहिली.

मग तिने पिल्लंवाल्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"पाण्याला काही केलंत का?" त्याने विचारलं.

"नाही. फक्त खडी धुतली."

"कशाने?"

"नळाच्या पाण्याने. ब्रश मारून."

"बाई, ती बुळबुळ हेच तर जंतू होते. तुम्ही कामगार धुवून टाकलेत, आता कारखाना कोण चालवणार?"

थोरला म्हणाला, "म्हणजे इतकी मेहनत करून आम्ही..."

"हो," पिल्लंवाला म्हणाला. "खाणं बंद करा. अर्धं पाणी बदला, क्लोरीन घालवलेलंच भरा. हवेचा पंप चालू करा. आणि माझ्याकडे या. माझ्या टाक्यांतली खडी देतो. धुवू नका. वाळू देऊ नका. ओलीच्या ओली न्या."

थोरला टेम्पो घेऊन गेला. पण परतताना बघतो तर आपल्याच गल्लीच्या तोंडाशी गटाराचं खोदकाम चालू होतं आणि टेम्पो आत येईना. खडी वाळू द्यायची नाही. हमाल कुठे मिळेना. भर दुपारी, जेवायच्या वेळी, दारं-खिडक्या उघड्या असताना, ज्याने रविवारी सगळ्यांना बोलावलं होतं तो माणूस खांद्यावर पोतं घेऊन गल्लीत शिरला. पोत्यातून तपकिरी पाणी ठिबकत होतं, पाठीवरून, पँटवरून, बुटात. वास असा की शिंपीणबाईंनी खिडकी लावून घेतली.

पेन्शनर काका दारात उभे होते. "हे काय हो, गटारात पडलात का?"

"नाही. आणलंय हे."

"गटार आणलंय?"

"काका," थोरला थांबून म्हणाला, पोतं खाली न ठेवता, "ही घाण साधी नाही. शहराबाहेरून खास आणलीय. तुमच्या घरी असली एक मूठ तरी आहे का?"

थोरला पुढे गेला, परत आला, पुन्हा पोतं घेऊन गेला. प्रत्येक फेरीला कुणी ना कुणी विचारलं आणि प्रत्येकाला त्याने मान ताठ ठेवून सांगितलं. अशी छाती लागते. रविवारी पाहुण्यांपुढे मिरवायला कुणालाही येतं.

निवळीने ती खडी वाफ्यांत हातानेच पसरली, स्वतःची धुतलेली खडी खाली आणि ही वर. बोटं बुळबुळली तरी तिने पुसली नाहीत. वहिनी नाकाला पदर लावून मेलेले मासे टोपलीत काढत होती. बरेच होते.

मग वाट बघणं. काम असं काहीच नाही, आणि तेच तिला सगळ्यांत अवघड. रोज पाणी बदलायचं, खाणं अगदी चिमूटभर, बाकी हात बांधून बसायचं. दोनदा तिने गाळ ओढायची नळी हातात घेतली आणि दोनदा परत भिंतीला टांगली. तिसऱ्यांदा वहिनीने नळी काढून माळ्यावर टाकली. "आता शिडी लावून चढ," ती म्हणाली. "दम लागेल तेव्हा आठवेल, हात लावायचा नाही ते."

आणि याच दिवसांत मॅनेजरचा फोन आला. सोमवारी क्लबातली टाकी उघडणार. सकाळी ये, नाहीतर मी दुसऱ्याला सांगतो. निवळी म्हणाली, "सोमवारी सकाळी सांगते."

आदल्या दिवशी, रविवारी, नळीतला रंग हिरवाच होता, पण फिकट. मासे खाली पोहत होते. थोरल्याने नळी उन्हात धरून बघितली, मग सावलीत धरून बघितली. "पिवळ्याकडे झुकतोय," तो म्हणाला.

"हिरवा आहे," निवळी म्हणाली.

"मी म्हणतो झुकतोय."

सोमवारी सकाळी रंग आणखी थोडा फिकट. पिवळा नाही. पालकाची जुनी पानं खालून पिवळी पडली होती, पण मधून नवं पान वर आलं होतं, करंगळीच्या नखाएवढं. निवळीने चिमूटभर खाणं टाकलं. मासे वर आले, खाल्लं, आणि परत खाली गेले. वर थांबले नाहीत. तिने खडीत बोट घालून बघितलं. मग खालची, स्वतःची धुतलेली खडी उचलून अंगठ्याने चोळली. थोडी निसरडी लागत होती. अगदी थोडी.

तिने काठावर बसूनच फोन लावला. थोरला मागे उभा.

"साहेब, मी येत नाही."

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. इथे काम आहे."

"बघ हं. नंतर जागा राहणार नाही."

"माहीत आहे."

फोन ठेवल्यावर थोरला म्हणाला, "अगं, पिवळा कुठे झालाय अजून? दोन दिवस थांबायचंस. मासे उद्या परत वर आले तर?"

"तर परत पोती आणशील."

"मी?"

"तुझ्याशिवाय गल्लीत घाण कोण मिरवणार?"

वहिनी स्वयंपाकघरातून हसली, ते बाहेरपर्यंत आलं. निवळीने आत जाऊन किल्ल्या आणल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "क्लबात देऊन ये. मी गेटपाशीही जाणार नाही, तिथला वारा नको."

"आणि त्याने विचारलं, तुम्ही का आलात, बाई कुठे आहेत, तर?"

"कामावर आहे म्हणावं."

थोरल्याने अंगावरचा शर्ट बदलला, केस विंचरले आणि निघाला. निवळी वाफ्याशी वाकून पिवळी पानं खुडायला लागली. खुडलेली पानं तिने टाकून दिली नाहीत. बारीक करून एक चिमूट माशांना टाकून बघितली. एकाने तोंड लावलं, थुंकलं, आणि परत येऊन खाल्लं.